दोन्ही हात भिंतीला

४ नोव्हेंबर

ताई,

वर काय लिहावं यावर बराच विचार केला. ‘प्रिय’ लिहिलं तर तुला वाटेल काहीतरी मागायचंय, ‘तीर्थरूप’ लिहिलं तर वाटेल टोमणा मारलाय. म्हणून नुसतं ताई. तेवढं आपल्या दोघींपैकी कोणालाच बदलता येत नाही.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा उमटतात आणि मी दिवसभर त्या खुणांशी भांडत बसते. पत्राचं बरं असतं. वाचलंस की केराच्या डब्यात टाकलंस हे मला कळायला मार्ग नाही, त्यामुळे वाचलंस असं धरून चालते.

तर कळवायचं म्हणजे मी अधिकारी झाले. पगारवाली नव्हे, दचकू नकोस. पोहण्याच्या शर्यतीत पांढरे कपडे घालून काठावर उभ्या असतात ना, त्यांच्यातली. तुला नियम माहीत आहेच: क्लबने जितकी मुलं उतरवायची, त्या हिशेबात पालकांतून माणसंही द्यायची, नाहीतर मुलांचे प्रवेश रद्द. नव्या क्लबात त्यासाठी पालकांची सभा भरली. कोच म्हणाले, “कोण तयार आहे?” त्याबरोबर वीस-पंचवीस सुशिक्षित माणसांना एकाच वेळी फोनवर महत्त्वाचं काहीतरी आलं. एकाचा गुडघा निघाला. एका बाईंना मुलाला पोहताना जवळून बघवत नाही म्हणे, लांबून बघवतं. शेवटी मी हात वर केला.

समाजसेवेची हौस अजिबात नाही. या तलावावर पालकांना काठावर यायला बंदी आहे, वर गॅलरीत काचेमागे बसवतात. अधिकारी झालं की काठावर उभं राहता येतं. माझी गोटी चार हातांवरून पोहत जाते आणि कोणी हटकत नाही. एवढाच स्वार्थ.

कोचचं नाव मी भोंगा सर ठेवलंय. समोर उभ्या असलेल्या मुलाशीसुद्धा ते भोंग्यातूनच बोलतात. नाव फक्त घरात चालतं, बाहेर मी ‘सर’ म्हणते आणि मान डोलावते.

प्रशिक्षण एका रविवारी झालं, प्राथमिक शाळेच्या वर्गात. आम्ही सगळे प्रौढ लहान बाकांवर, गुडघे हनुवटीला टेकवून. शिकवायला मुख्य पंच होते. त्यांना सगळे काका म्हणतात. जन्मभर भूमापनात होते, लोकांच्या जमिनी मोजून आणि शिव्या खाऊन निवृत्त झाले, त्यामुळे या कामाला तयार होऊनच आलेत. म्हणाले, “काम सोपं आहे. बघायचं. जे दिसलं ते लिहायचं. जे वाटलं ते घरी घेऊन जायचं. ओरडायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, ओळखीच्या मुलाकडे बघून हसायचं नाही.”

मागून एक बाई म्हणाली, “आणि आपलंच मूल असलं तर?”

“तर अजिबातच हसायचं नाही.”

मला वळणं बघायचं काम मिळालंय. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला टेकले पाहिजेत, एक टेकला की मूल बाद. हे तुला सांगणं म्हणजे कमालच, पण मी नवीन शिकलेय, कोणाला तरी सांगायला हवं. माझ्या बिल्ल्यावर ‘वळण निरीक्षक’ असं छापलंय. तुझे मेहुणे म्हणाले, “घरी तर तू आधीपासूनच होतीस, आता बिल्ला मिळाला.”

बाकी गोटी मजेत. जूनमध्ये तू, तिची तेव्हाची कोच, तुझ्या तलावावर सगळ्यांसमोर म्हणालीस, “गोटी छान पोहते, पण ती शर्यतीची नाही. उगीच अपेक्षा ठेवू नकोस.” सगळ्यांसमोर म्हणजे दोन आया आणि एक पहारेकरी, पण बातमी पसरायला तेवढे पुरतात. त्याच आठवड्यात मी तिला इकडे घातलं. फेब्रुवारीत शेवटची निवड स्पर्धा आहे. शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तिला विभागीय स्पर्धेसाठीची वेळ गाठायचीय, अजून तीन सेकंद काढायचेत. भोंगा सर म्हणतात, होणार. झालं की मी तुला कळवणार, त्यासाठीच हे पत्र सुरू ठेवते आहे असं समज.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

धाकटी


१० डिसेंबर

ताई,

तुझं कार्ड मिळालं. “उभं राहताना गुडघे ताठ ठेवू नकोस, पाठ जाते.” सहा महिन्यांनी बहिणीने बहिणीला लिहिलेलं हे पहिलं वाक्य. मी फ्रिजवर लावलंय. गुडघे सैल ठेवते आहे.

पहिली स्पर्धा पार पडली. पहिल्याच फेरीत एक एवढासा मुलगा, टोपी डोक्यापेक्षा मोठी, एका हाताने भिंत शिवून वळला. मी हात वर केला. माझा हात, म्हणजे काहीतरी चूक दिसली अशी खूण. चिठ्ठी लिहिली, काकांनी सही केली, पोरगा बाद. पोराने नाक पुसलं आणि विचारलं, “आता मी कपडे बदलू का?” त्याच्यापुरता विषय संपला. वर गॅलरीत मात्र त्याच्या आईने काचेवर मूठ आपटली आणि खाली ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, “बाई, चष्मा लावा जरा.”

चष्मा लावलेला होता. मी तो विकतेसुद्धा.

मंगळवारी तीच बाई दुकानात. मुलाच्या चष्म्याची दांडी वाकलेली. मला ओळखलं नाही. पांढरे कपडे उतरले की आम्ही कोणालाच ओळखू येत नाही, ही या हुद्द्यातली एकमेव सोय. मी दांडी तापवून सरळ करत होते, तर म्हणाली, “काय सांगू तुम्हाला, हल्ली पंच म्हणून कोणालाही उभं करतात. माझ्या मुलाला एका आंधळ्या बाईने बाद केलं.”

मी म्हटलं, “अरेरे. तुम्ही चष्मा कुठून घेता हा?”

“तुमच्याकडूनच की.”

“मग काळजी नको.”

मुलगा बाकावर बसून माझ्याकडे बघत होता. त्याने ओळखलं होतं. जाताना फक्त मान हलवली, जशी दोन कर्मचारी एकमेकांकडे बघून हलवतात.

काठावर उभं राहून माझं बरंच शिक्षण झालं. गॅलरीत प्रत्येकाच्या हातात स्टॉपवॉच असतं आणि प्रत्येकाचं स्टॉपवॉच त्याच्या स्वतःच्या मुलाच्या बाजूने चालतं. अधिकाऱ्याकडून अपेक्षा अशी, की दुसऱ्याच्या मुलाचं सगळं दिसावं आणि आपल्या मुलाच्या वेळी नेमकं डोळ्यात काहीतरी जावं. कोचने ओरडावं, पण शेजारच्या लेनवर. शेजारचं मूल रडलं तर त्याच्यात दम नाही, आपलं रडलं तर ते हळवं आहे. मुलांकडूनही अपेक्षा असतात, पण त्या त्यांना कळवण्यात येतात. मुलांना काही विचारायची पद्धत तिथे नाही.

मी या सगळ्यांपासून अर्थातच वेगळी आहे. मी काचेच्या खाली उभी असते.

गोटी तिच्या फेरीत तिसरी आली आणि एक सेकंद कमी झाला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. सर भोंग्यातून म्हणाले, “चांगलंय, पण चांगल्याने भागत नाही.” सकाळी तिचं पोट दुखत होतं. डॉक्टरांनी बघितलं, काही नाही. परीक्षेआधी आपलंही दुखायचं, तुझं कमी, माझं जास्त.

धाकटी


२१ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर नाही, पण पाठ दुखायची थांबली, म्हणून आभार.

क्लबात सरांनी भिंतीवर एक शिडी रंगवून घेतलीय. खाली निळी, वर सोनेरी. प्रत्येक मुलाचा फोटो एकेका पायरीवर चिकटवलेला असतो आणि दर शनिवारी सर तो वर किंवा खाली सरकवतात. सगळी मुलं शिडीसमोर ओलीच उभी असतात आणि दातांवर दात वाजवत आपापलं भवितव्य बघतात. मागच्या आठवड्यात गोटीचा फोटो गळून पडला. झाडणाऱ्या मावशींनी उचलला आणि दिसली त्या पायरीवर लावून टाकला, जिथे होता त्याच्या दोन वर. आठवडाभर कोणाच्या लक्षात आलं नाही. उलट सरांनी त्याच आठवड्यात गोटीला सांगितलं, “बघ, मेहनतीचं फळ.”

गोटी घरी येऊन हे सांगताना इतकी हसली की तिला उचकी लागली. तुझे मेहुणे म्हणाले, “किती दिवसांनी हसली ही.” तसं काही नाही. ती हसतेच एरवीही. सकाळी पाचला उठणारं मूल किती हसणार?

गॉगल एकदा वॉशिंग मशीनच्या मागे सापडला. पडला असेल. टोपी दोनदा फाटली, हल्ली माल चांगला येत नाही. मी नवीन आणून ठेवल्या, चार एकदम.

तुझे मेहुणे परवा जेवताना म्हणाले, “तिला एकदा विचार ना.”

“काय विचारू?”

“हेच, पोहण्याचं.”

“हे असं विचारायचं नसतं. विचारलं की मुलं खरं सांगतात आणि मग आपण काय करायचं?”

त्यांनी पाणी वाढलं.

गोटीने तुझ्याबद्दल विचारलं एकदा, सहज. तुझ्याकडे शुक्रवारी शेवटच्या अर्ध्या तासात दिवे अर्धे घालवून मुलं नुसती चेंडू खेळतात, ते अजून चालू आहे का म्हणून. मी म्हटलं, मला काय माहीत, चालू असेल. तिला काही त्यात फार रस होता असं नाही. दोनदा विचारलं फक्त.

आता वेळेपासून ती फक्त एक सेकंद लांब आहे. एक सेकंद म्हणजे काय, हे मला आता कळतं. डोळे तपासताना मी गिऱ्हाइकाला विचारते, ‘हे स्पष्ट की ते स्पष्ट’, आणि माणूस जेवढा वेळ अडखळतो, तेवढा.

तू म्हणशील, एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठी.

धाकटी


१९ फेब्रुवारी

ताई,

काल निवड स्पर्धा झाली. आधीच सांगते, विभागीयला गोटी जाणार नाही. पण कशी जाणार नाही, ते पूर्ण वाच, आणि मग काय बोलायचं ते बोल.

दोन अधिकारी आलेच नाहीत. एकाचं मूल आजारी, एकाचं मूल स्पर्धेतून गळलेलं, म्हणजे त्याला यायचं कारणच उरलं नव्हतं. काकांनी माणसं इकडची तिकडे केली आणि मला चार नंबरच्या लेनच्या पलीकडच्या टोकाला उभं केलं. पत्रिका बघितली, तर बाराखालच्या मुलींच्या शेवटच्या फेरीत चारमध्ये गोटी.

मी काकांकडे गेले. “काका, चारमध्ये माझी मुलगी आहे.”

ते कागदातून मान न काढता म्हणाले, “आठही लेनमध्ये कोणाची तरी मुलगी आहे.”

“तसं नाही. नियमात बसतं का हे?”

“बसायला नको. पण माणसं नाहीत. तुम्हाला जमत नसेल तर चारला कोणी ठेवत नाही, मग तिच्या वळणावर कोणाचंच लक्ष नाही. ते बसतं का नियमात, सांगा.”

मी परत जाऊन उभी राहिले. गुडघे सैल.

शंभर मीटर म्हणजे चार लांब्या, तीन वळणं, त्यातली पहिली आणि तिसरी माझ्याकडे. पहिल्या वळणाला ती आली, दोन्ही हात स्वच्छ, सगळी बोटं. मी बघितलं, लिहायला काही नव्हतं. दुसरं वळण पलीकडे झालं. तिसऱ्याला ती दुसऱ्या नंबरवर होती आणि मोठा घड्याळाचा फलक माझ्या समोर होता. वेळ गाठणं शक्य होतं. मी त्या फलकाकडे बघितलं नसतं तर बरं झालं असतं, पण बघितलं. मग खाली बघितलं. पाणी स्वच्छ होतं, वरून दिवा, मधे काही नाही. एक हात टेकला. दुसरा टेकला नाही.

ताई, मी तुला सांगते तेवढा वेळही लागला नाही. माझा हात वर गेलेला होता. मी वर केला असं म्हणवत नाही. दुकानात समोरच्याचा चष्मा नाकावरून घसरला की माझा हात आपोआप पुढे जातो, तसा तो गेला.

त्यानंतरची शेवटची लांबी ती जशी पोहली, तशी मी तिला कधी बघितली नव्हती. बाद झालेलं मूल पोहतच राहतं, त्याला शेवटीच सांगतात. ती पहिली आली. फलकावर वेळ लागली, विभागीयच्या आत. गॅलरीत आमचा क्लब उभा राहून नाचत होता. मग काकांनी माझी चिठ्ठी वाचली.

पुढे काय झालं ते तुला मनात बघता येईल. भोंगा सर धावत आले, आयुष्यात पहिल्यांदा भोंग्याशिवाय बोलले. “मॅडम, तुम्ही आमच्या क्लबच्या आहात ना?” मी म्हटलं, “काठावर कोणी कुठल्या क्लबचं नसतं.” हे वाक्य मी घरी पाठ करून गेले नव्हते, तिथेच सुचलं. मग त्यांनी लेखी हरकत घेतली. म्हणजे आमच्याच क्लबाने, आमच्याच अधिकाऱ्याविरुद्ध, आमच्याच मुलीसाठी. काकांनी कागद वाचला आणि विचारलं, “बाई मुलीची आई आहे. आईने वाचवलं नाही, ही तुमची हरकत आहे का?” सर म्हणाले, “हो, म्हणजे, तसं नाही.” हरकत फेटाळली.

बाहेर पडताना क्लबातले पालक माझ्याशी बोलले नाहीत. एक वडील मात्र खास जवळ येऊन म्हणाले, “स्वतःच्या पोटच्या पोरीची वाट लावलीत.” मी म्हटलं, “दोन्ही हात लावायचे होते, तिने एक लावला.” ते म्हणाले, “मग काय झालं? तुम्ही आई ना?”

गाडीत गोटी खिडकीला डोकं टेकवून बसली होती. मी म्हटलं, “रागावलीस?” तर म्हणाली, “नाही गं.” घरी येऊन पोटभर जेवली, पुन्हा मागून घेतलं आणि सकाळी नऊपर्यंत झोपली. पोट दुखलं नाही.

मी हे सगळं तुला का लिहिते आहे ते तुला कळलंच असेल. तू माझ्या जागी असतीस तर तूही हात वर केला असतास. मला बाकीच्यांनी काय म्हटलं त्याचं फारसं काही नाही. तुला हे माहीत असावं, एवढंच. आता तरी फोन उचल.

धाकटी


२७ फेब्रुवारी

ताई,

फोन न उचलता तू कार्डच पाठवलंस. मी पाकीट फोडेपर्यंत बाहेर उभीच होते. आत दोन शब्द: “कोणता हात?”

मी दोन पानं लिहिली. मुलीला बाद केलं, क्लबात तोंड दाखवायची सोय राहिली नाही, आणि तुला हात विचारायचाय. शाबासकी द्यायला तुला कधीच जमलं नाही. मी दहावीला शाळेत दुसरी आले तेव्हा तू विचारलं होतंस, पहिलं कोण.

उजवा. उजवा राहिला. डावा भिंतीला पूर्ण टेकला होता आणि उजवा छातीपाशी, मूठ मिटलेली. मला अगदी स्वच्छ दिसलं. चिठ्ठीवर कोणता हात ते लिहायचं नसतं, म्हणून लिहिलं नव्हतं.

झालं समाधान?

क्लबची बातमी म्हणजे सरांनी गोटीचा फोटो शिडीवरून काढलेला नाही, उलट एक पायरी वर नेला. त्यांच्या मते ती ‘खरं तर जिंकलेली’ आहे आणि घरातूनच दगाफटका झाला. पुढच्या वर्षी पन्नास आणि शंभर, दोन्ही अंतरांत उतरवू म्हणतात. मुलं तिला चॉकलेटं देतात. मला सभेचे निरोप येईनासे झालेत. दुकानात मात्र गर्दी वाढली, क्लबातले दोन-तीन जण डोळे तपासून गेले. मला वाटतं मी जवळून कशी दिसते ते बघायला आले असावेत.

गोटी बरी आहे. हल्ली बाथरूममध्ये गाते.

धाकटी


६ मार्च

ताई,

तुझं कार्ड काल आलं. पुन्हा पुन्हा वाचलं, कारण तू एवढं लांब कधी लिहीत नाहीस.

“ती डावीकडे वळते. मीच शिकवलंय. वळताना डावा हात आधी मागे येतो. घाईत चूक झाली असती तर डावा राहिला असता. उजवा राहायला मुद्दाम ओढून धरावा लागतो. तिला विचार.”

मी काठावर उभी होते, तू शहराच्या दुसऱ्या टोकाला होतीस. पाणी स्वच्छ, वरून दिवा, आणि मला फक्त हात दिसला. चिडले मी तुझ्यावर. दिवसभर चिडून काच पुसत होते, गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला, तो घालून गेलासुद्धा.

संध्याकाळी गोटी शाळेतून दुकानात आली. तिची सवय आहे, काउंटरमागच्या स्टुलावर बसून रिकाम्या फ्रेमा एकामागून एक घालून आरशात बघायची. एक गोल फ्रेम घालून बसली होती. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, “मावशीने विचारलंय, उजवा हात मागे का राहिला?”

ती आरशातूनच माझ्याकडे बघून म्हणाली, “मावशीला कसं कळलं?”

“म्हणजे मुद्दाम?”

“हो.”

“का गं?”

तिने फ्रेम काढली, जागेवर ठेवली, दुसरी उचलली. “हरले असते तर सर मला बोलले असते. शिडीवरून खाली नेलं असतं. आणि तू काहीच बोलली नसतीस. गाडीत नुसती बसली असतीस.”

“मी कधी बोलले का तुला?”

“तेच म्हणते ना मी.”

तेवढ्यात एक आजोबा आले, त्यांना चष्म्याची दोरी हवी होती. ती दिली. सुटे परत केले. ते गेल्यावर गोटीने आपणहून पुढे सुरू केलं, जसं गणित समजावून सांगतात तसं.

“बाद झालं की मुलांना कोणी बोलत नाही. सगळे पंचाला बोलतात. मी बघितलंय.”

“गोटी, पंच मी होते.”

“म्हणून तर. दुसरं कोणी असतं तर त्यांना दिसलं नसतं, नाहीतर सोडून दिलं असतं. तू काही सोडत नाहीस.”

ताई, हे कौतुक होतं की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तिच्या आवाजात तर काहीच नव्हतं. वस्तुस्थिती सांगत होती. गेले पंधरा दिवस मी स्वतःच्या मनात एक पुतळा उभारत होते, पायथ्याशी तुझ्यासाठी जागा मोकळी ठेवून. ती अकरा वर्षांची मुलगी भिंतीकडे पोहत येताना हिशेब करून आली होती की आई कुठे उभी आहे, आई काय करील आणि आईला त्याबद्दल कोण काय बोलेल. सगळं तिच्या अंदाजाप्रमाणे झालं.

मी विचारलं, “तुला माहीत होतं ते मला बोलतील?”

“हो. पण तुला चालतं. दुकानात हसून सांगतेस तू.”

“आणि मग शेवटची लांबी एवढी जोरात का पोहलीस? बाद तर झालीच होतीस.”

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मला साधी गोष्टही कळत नाही. “मग तर मजा आली. मोजणारच नव्हते ना.”

इथे एक गोष्ट तुझ्यासाठीही आहे, ती मी सोडणार नाही. तू म्हणालीस ती शर्यतीची नाही. फलकावर वेळ होती, ताई, विभागीयच्या आत, आणि ती एका हाताचं वळण घेऊन. तिला जमत नाही असं नाही. तिला नको आहे. मी वेगळं चुकले आणि तू वेगळं चुकलीस, आणि दोघींनीही सगळ्यांसमोर, एकमेकींचं नाव घेऊन. तिच्याशी बोलायचं मात्र दोघींच्याही ध्यानात आलं नाही. मोठं वाक्य झालं, पण खोडत नाही.

मग मी तिला विचारलं, जानेवारीत तुझ्या मेहुण्यांनी जे विचारायला मला सांगितलं होतं ते. तुला काय हवंय. विचारताना वाटलं, म्हणेल पोहणं सोडायचंय. त्याची मी तयारी केली होती, चेहऱ्यासकट. ती म्हणाली, “पोहायचंय. रोज नको. आणि ती शिडी नको.”

आज सकाळी मी सरांना जाऊन सांगितलं की गोटी येणार नाही. म्हणाले, “मॅडम, एवढी मुलगी तुम्ही वाया घालवताय.” मी म्हटलं, “सर, ती घरीच आहे, कुठे वाया जात नाही.” फोटो मागून घेतला. झाडणाऱ्या मावशींनीच काढून दिला. मागचा डिंक निघेना, नखाने खरवडला त्यांनी.

काकांना भेटले. त्यांना खरं काय ते सगळं सांगितलं, मुद्दाम राहिलेल्या हातासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “एक हात टेकला होता की नाही?” मी म्हटलं, टेकला होता. “दुसरा नव्हता?” नव्हता. “मग तुमची चिठ्ठी बरोबर आहे. बाकीचं तुमच्या घरचं.” पुढच्या महिन्यात मुलांच्या स्पर्धा आहेत, येणार का विचारलं. मी हो म्हटलं. आता तिथे माझं कोणीच नसेल, म्हणजे काम नीट होईल.

गोटीने तुला एकच विचारायला सांगितलंय: शुक्रवारच्या चेंडूला तिला घेशील का. टोपी तिच्याकडे आहे, चार आहेत. ती एकटी बसने येईल म्हणते, थांबा तिला माहीत आहे, कोणी सोडायला यायची गरज नाही असंही तिने स्पष्ट सांगितलंय.

माझ्याबद्दल तिने काही विचारलेलं नाही. ते मी विचारते आहे.

धाकटी